ओकायामात एक वर्ष: जपानी शिकताना मराठी कामी आली

सोनचाफा

नमस्कार. इथले जपानी भाषेचे धागे दोन वर्षं वाचते आहे, लिहिलं मात्र कधीच नव्हतं. विद्यार्थी देवाणघेवाण कार्यक्रमातून वर्षभर ओकायामाच्या एका विद्यापीठात जपानी शिकून मागच्या महिन्यात परत आले. जायच्या आधी मला जे कुणी सांगायला हवं होतं ते इथे लिहून ठेवते आहे.

पुण्यात ओकायामा हे नाव बहुतेकांना सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानामुळे माहीत असतं. लहानपणी रविवारी तिथे जायचो. ते उद्यान ज्याच्या धर्तीवर बांधलं ते कोराकुएन ओकायामात आहे. १६८७ साली काम सुरू होऊन १७०० साली पूर्ण झालेलं. आसाही नदीच्या एका काठाला ते आणि समोरच्या काठाला काळाभोर किल्ला. त्या किल्ल्याला लोक 'उजो', म्हणजे कावळ्याचा किल्ला म्हणतात. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तो जळला, आताचा १९६६ साली पुन्हा बांधलेला आहे. पहिल्याच शनिवारी कोराकुएनमध्ये शिरले आणि पाण्याचा पाट, गवताचे उतार, मधेच ठेवलेली भातखाचरं बघून पोटात कालवलं. घरापासून इतक्या लांब येऊन घराजवळच्याच बागेत उभी होते.

आता मुद्द्याचं. जाताना माझी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन ३ ही मधली पातळी झालेली होती (एन ५ सगळ्यात सोपी, एन १ सगळ्यात अवघड). उत्तीर्ण व्हायला १८० पैकी ९५ गुण लागतात, मला बरेच वर होते आणि मी निर्धास्त होते. जेएलपीटीमध्ये बोलायची परीक्षा नसते, हातानं लिहायचीही नसते, हे माहीत होतं. त्याचा खरा अर्थ पालिकेच्या कचेरीत कळला. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्ता नोंदवावा लागतो. खिडकीपलीकडच्या बाईंनी तीन प्रश्न विचारले. तिन्ही प्रश्नांतला प्रत्येक शब्द मला येत होता. पण वाक्य संपून त्या माझ्याकडे बघत थांबल्या तरी मी डोक्यात शब्दांची फिरवाफिरव करत होते. शेवटी त्यांनी चित्रं असलेला कागद पुढे केला. त्या फार प्रेमानं वागल्या, तरी त्या संध्याकाळी खोलीवर येऊन मी रडले.

पुढचे दोन महिने मी जवळजवळ गप्प होते. वर्ग चांगले होते. आल्या आल्या पातळी ठरवायची परीक्षा, मग त्याप्रमाणे गट, रोज ९० मिनिटांच्या दोन-तीन तासिका, शिवाय प्रत्येकाला मदतीला एक जपानी विद्यार्थी. माझ्या गटात चिनी आणि तैवानी मुलं वाचनात कितीतरी पुढे, कारण कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, त्यांच्या घरचीच. कोरियन मुलं बोलण्यात पुढे. मी दोन्हीकडे मागे. आपल्याला ही भाषा जमणारच नाही असं वाटायला लागलं होतं.

मग आमच्या भागातल्या कोमिनकानमध्ये जायला लागले. कोमिनकान म्हणजे वस्तीतलं सार्वजनिक सभागृह. तिथे निवृत्त मंडळी विनामोबदला परदेशी लोकांना जपानी शिकवतात. मला शिकवायला एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या, पूर्वी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना इंग्रजी अजिबात येत नव्हतं. एकदा 'ताबेते मिरु' या प्रयोगावर मी अडले. माझ्या पुस्तकात त्याचा इंग्रजी अर्थ 'प्रयत्न करणे' असा काहीतरी दिला होता. आजींनी विचारलं, "तुझ्या आईच्या भाषेत कसं म्हणतात?"

मी मराठीत म्हणून बघितलं. 'खाऊन बघणे'. 'ताबेते' म्हणजे खाऊन, 'मिरु' म्हणजे बघणे. जसंच्या तसं.

त्या रात्री वही घेऊन बसले. 'काइते ओकु': लिहून ठेवणे, 'ओकु' म्हणजे ठेवणेच. 'मोत्ते कुरु': घेऊन येणे. 'ताबेते शिमाउ': खाऊन टाकणे. 'किनोउ कात्ता होन': काल घेतलेलं पुस्तक, इंग्रजीत याला 'जे' घालून वाक्य उलटं करावं लागतं, मराठीला काहीच करावं लागत नाही. 'वाताशि नि वा वाकारु': मला समजतं. वाक्याच्या शेवटी येणारं 'ने' तर आपलं 'ना'च आहे, 'इइ तेन्कि देस ने' म्हणजे 'छान हवा आहे ना'. आणि घरातून निघताना जपानी माणूस म्हणतो 'इत्ते किमास'. पुस्तकात लिहिलं होतं 'मी निघतो'. तसं नाहीच ते. 'इत्ते' म्हणजे जाऊन, 'किमास' म्हणजे येते. जाऊन येते! आणि घरातलं माणूस 'इत्ते राश्शाइ' म्हणतं, म्हणजे जाऊन ये. 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे माझी आजी मला उंबऱ्यात थांबवून सांगायची.

तीन वर्षं मी प्रत्येक जपानी वाक्य आधी इंग्रजीत नेत होते, तिथे त्याची मोडतोड करत होते आणि मग समजून घेत होते. इंग्रजीतून गेलं की क्रियापद येईपर्यंत ताटकळावं लागतं. मराठीत क्रियापद शेवटीच येतं, त्यामुळे वाट बघायची आपल्याला सवय आहे. पुढच्या दोन महिन्यांत माझं तोंड उघडलं. अभ्यास वाढवला नव्हता, वाट बदलली होती.

मराठीनं एकदा फसवलंही. कोमिनकानमध्ये माझ्या हातून चहाचा कप फुटला. मी घाईनं म्हणाले, 'वारेमाशिता', फुटला. आपल्याकडे फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे अशा जोड्या आहेत, तशा जपानीतही ढिगानं आहेत, म्हणून मी त्याबाबत निर्धास्त होते. आजींनी काचा गोळा केल्या आणि नंतर बाजूला घेऊन सांगितलं की अशा वेळी 'वात्ते शिमाइमाशिता' म्हणायचं, म्हणजे 'मी फोडून टाकला'. 'फुटला' म्हटलं की कप आपणहून फुटला, आपला काही संबंध नाही, असं ऐकू येतं. मराठीत आपण उलट करतो. 'फोडला' म्हटलं तर मुद्दाम केल्यासारखं वाटतं, म्हणून 'माझ्या हातून फुटला' म्हणतो. दोन्हीकडे नम्रपणाच आहे, फक्त तो वेगवेगळ्या क्रियापदात राहतो. हे मला कुठल्याही पुस्तकातून इतकं पक्कं कळलं नसतं.

अजून एक गोष्ट सांगते. वसंतात आजींबरोबर त्यांच्या यजमानांच्या समाधीला गेले होते. शिंगोन या बौद्ध पंथाच्या मंदिरामागचं स्मशान. समाधीमागे उंच लाकडी फळ्या उभ्या असतात, त्यांना सोतोबा म्हणतात. हा शब्द आपल्या 'स्तूप'वरूनच गेलेला आहे. त्यांवर शाईनं वरून खाली अक्षरं लिहिलेली होती, थोडी ओळखीची, थोडी अनोळखी. ती सिद्धम् लिपी. आजी म्हणाल्या, ही भारताची अक्षरं, आम्हाला वाचता येत नाहीत. मी खोलीवर येऊन शोधलं आणि पुढच्या बुधवारी त्यांना वाचून दाखवलं: ख, ह, र, व, अ. वरून खाली आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. त्यांनी ते वहीत काताकाना या जपानी लिपीत लिहून घेतलं. यजमानांच्या डोक्यापाशी काय लिहिलंय ते इतक्या वर्षांनी कळलं, म्हणाल्या.

कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. मला जमेल तितकं सांगते.

बेळगावी_वारा

सुंदर लिहिलं आहे. एक भर घालतो. हे मराठीचंच वैशिष्ट्य नाही. आमच्याकडे घरात मराठी, गल्लीत कानडी. कानडीत 'माडि नोडु' म्हणजे करून बघ, आणि निघताना 'होगि बर्तीनि', जाऊन येतो. माझा तमिळ मित्रही असंच काहीतरी म्हणतो. तेव्हा आपल्या सगळ्यांनाच जपानी जवळची पडावी. आपण ती इंग्रजी पुस्तकांतून शिकतो हेच मुळात चुकतं.

गोदाकाठ

सोनचाफा, तुझं लिखाण वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझा मुलगा नाशिकला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एन ५ झाली आहे, एन ४ ला बसणार आहे. नंतर तिकडच्या भाषाशाळेत वर्षभर जायचं म्हणतो. एका मध्यस्थानं सांगितलं की अर्धवेळ काम करून सगळा खर्च निघतो. हे खरं आहे का ग? आम्हाला कर्ज काढावं लागेल, म्हणून विचारते.

अनुवादिनी

मी पुण्यात गेली अठरा वर्षं जपानी भाषांतराचं काम करते, सुरुवात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये झाली. धागा मनापासून आवडला आणि म्हणूनच थोडा विरोध नोंदवते, म्हणजे नवीन मुलांचा गैरसमज होणार नाही.

मराठीची वाट एन ३ पर्यंत फार छान नेते. त्यानंतर ती ठिकठिकाणी चकवते. एक उदाहरण. 'मला भीती वाटते' आणि 'त्याला भीती वाटते' यांत मराठीला काही फरक वाटत नाही. जपानीत स्वतःबद्दल 'कोवाइ' म्हणता येतं. 'कारे वा कोवाइ' म्हटलंत तर त्याचा अर्थ होतो 'तो माणूस भीतिदायक आहे'. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला थेट माहीत नसतं, ते त्याच्या वागण्यावरून दिसतं, म्हणून तिथे 'कोवागात्ते इरु' म्हणावं लागतं. दुसऱ्याला काय हवं आहे, काय वाटतं आहे, हे सांगताना जपानी माणूस सतत हा दुरावा पाळतो. माझ्या सुरुवातीच्या भाषांतरांत या चुका माझ्या वरिष्ठ बाई लाल शाईनं दाखवायच्या.

'वा' आणि 'गा' या प्रत्ययांमधला फरक मराठीतून कळत नाही. आदरार्थी केइगोही कळत नाही. आपल्याकडे 'तू-तुम्ही-आपण' आहे, पण 'मी येतो' याचं स्वतःला खाली नेणारं वेगळं क्रियापद नाही. आणि २१३६ जोयो, म्हणजे नेहमीच्या वापरातल्या, कांजींना तर कुठलीच मराठी वाट नाही. त्या रोज हातानं लिहायच्या, दुसरा इलाज नाही.

तरी एक गोष्ट तुमच्या बाजूची. ध्वन्यनुकारी शब्द! माझ्या युरोपीय सहकाऱ्यांना ते पाठ करताना जीव नकोसा होतो. आपल्याला 'झाआ झाआ' म्हटलं की धो धो पाऊस, 'शितो शितो' म्हटलं की रिमझिम, 'दोकि दोकि' म्हणजे धडधड, 'पिका पिका' म्हणजे चकचकीत, 'पेरा पेरा' बोलणं म्हणजे घडाघडा बोलणं. आपल्या कानाला असे शब्द लागतातच.

सोनचाफा

@अनुवादिनी, ताई, 'कोवाइ'बद्दल खूप आभार. हीच चूक मी एका मैत्रिणीच्या वडिलांबद्दल बोलताना केली होती आणि ती एकदम गप्प का झाली ते आज कळलं. तिला आजच पत्र लिहिते.

@बेळगावी_वारा, अगदी मान्य. मला येते ती मराठी, म्हणून मराठी लिहिलं.

@गोदाकाठ, काकू, स्पष्ट सांगते. विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं. लांब सुट्ट्यांत दिवसाला ८ तासांपर्यंत. भाषाशाळेची वर्षाची फी साधारण ७ ते ९ लाख येन असते, वर राहणं, जेवण, विमा. २८ तासांत जेवणखाण आणि खोलीभाडं जेमतेम निघू शकतं, फी निघत नाही. आणि सुरुवातीचे दोन-तीन महिने काम मिळेलच असं नाही, कारण एन ५ च्या जपानीवर दुकानात उभं करत नाहीत. मर्यादेपेक्षा जास्त तास काम केलेलं उघड झालं तर पुढचा व्हिसा अडतो. माझ्या ओळखीच्या एका नेपाळी मुलाला त्यापायी परत जावं लागलं. रात्रपाळी करून सकाळी वर्गात झोपणारी मुलं मी पाहिली आहेत. वर्ष संपलं तेव्हा त्यांना पहिल्या दिवसाएवढंच जपानी येत होतं. कर्ज काढून तशी अवस्था होऊ नये असं मला फार वाटतं.

माझी फी इथल्या महाविद्यालयातच भरलेली होती, देवाणघेवाणीत तिकडची भरावी लागत नाही. जास्सो या जपानी विद्यार्थी सेवा संस्थेची दरमहा ८० हजार येनची शिष्यवृत्ती मिळाली होती, त्यात वसतिगृहात राहून काटकसरीनं भागलं. मुलाच्या महाविद्यालयाचा कुठल्या जपानी विद्यापीठाशी करार आहे का ते आधी बघा. आणि जाणार असेल तर एन ३ करून जाऊ दे. तिकडचं वर्ष फार महाग असतं, हिरागाना लिपी आणि 'हे पुस्तक आहे' शिकण्यात ते घालवू नये. तेवढं नाशिकला बसूनही होतं.

निशिकासाईकर

तोक्योत अकरावं वर्ष. सोनचाफा यांनी २८ तासांबद्दल लिहिलेला शब्द न शब्द खरा आहे. आमच्या भागात भारतीय खूप असल्यामुळे मराठी मुलं भेटतात, वर्षभर आपसात हिंदी-मराठी बोलून परत जातात. लहान शहरात जाणं हा मोठा फायदा. ओकायामासारख्या ठिकाणी जपानी बोलल्याशिवाय भाजीही मिळत नाही.

एक प्रश्न: तिथली बोली आड आली का? माझ्या सासूबाई त्या बाजूच्या, त्यांचं बोलणं समजायला मला दोन वर्षं लागली.

सोनचाफा

@निशिकासाईकर, हो, आली! आजी 'तोतेमो' (खूप) ऐवजी 'देएरेए' म्हणायच्या, म्हणजे 'लई'. 'दाकारा' (म्हणून) ऐवजी 'जाकेन'. पहिल्यांदा वाटलं माझाच कान चुकतोय. पण आमच्या घरी आजोळ कऱ्हाडचं आणि वडील पुण्याचे, त्यामुळे एका भाषेच्या दोन तऱ्हा ऐकायची सवय होती. वर्गात प्रमाण भाषा, कोमिनकानमध्ये 'देएरेए'. शेवटी शेवटी मीही बोलायला लागले तेव्हा आजींना झालेला आनंद मी विसरणार नाही.

कामाबद्दल राहिलं. मी सहा महिने कोनबिनीत, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, होते, आठवड्याला दोनच दिवस. तिथे सगळ्यात अवघड शब्द 'दाइजोबु' होता. पिशवी देऊ का विचारलं की गिऱ्हाईक म्हणतं 'दाइजोबु देस'. शब्दशः 'ठीक आहे'. मी पिशवीत भरायला घ्यायचे. त्याचा अर्थ 'नको' असा आहे, आपण हात आडवा करून 'असू दे' म्हणतो तसा. आणि 'चोत्तो...' म्हणून वाक्य अर्धवट सोडलं की तेही 'नाही'. 'जरा अवघड आहे' असं आपले लोक म्हणतात तेव्हा आपण काय समजतो? तेच समजायचं.

तांबडीमाती

आम्ही घरात पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मुलगी पुढच्या एप्रिलला जाते आहे. ती खाणार काय, ही घरात सगळ्यांना एकच काळजी.

सोनचाफा

@तांबडीमाती, काळजी रास्त आहे पण मार्ग निघतो. 'बेजितारियन' एवढं सांगून भागत नाही. मांस दिसत नसलं तरी रसात दाशी, म्हणजे चवीसाठी घातलेलं पातळ सार, असते आणि दाशी बहुधा बोनितो माशाच्या किसाची असते. मिसो सूप, नूडल्स, उकडलेल्या भाज्या, सगळ्यांत. म्हणून तिनं एका कागदावर जपानीत लिहून ठेवावं: मांस, मासे, अंडी, माशाची दाशी खात नाही. बाहेर कमी खावं आणि वसतिगृहात स्वयंपाकघर आहे ना, ते आधी विचारून घ्यावं.

तांदूळ, तोफू, कोबी, भोपळा, रताळी, वांगी, पालक, केळी सगळं मिळतं. ग्योमु सुपर नावाची दुकानं असतात, तिथे कडधान्यं आणि मसाले स्वस्त. तूरडाळ आणि कणीक मी इंटरनेटवरून मागवायचे. गोड हवं झालं की अंको. अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं शिजवून वाटलेलं पुरणच ते. होळीला मी त्याच्या पोळ्या केल्या, रंग काळपट आला पण आजींनी दोन खाल्ल्या.

गोदाकाठ

सोनचाफा, मध्यस्थाला आज नाही म्हणून कळवलं. मुलगा जरा खट्टू झाला, पण तुझा प्रतिसाद वाचायला दिल्यावर म्हणाला डिसेंबरला एन ४ आणि पुढच्या वर्षी एन ३ देतो, मग बघू. महाविद्यालयात कराराबद्दल सोमवारी विचारणार आहे. एन ३ नंतर बोलण्याची तयारी इथे राहून कशी करावी?

अनुवादिनी

@गोदाकाठ, पुण्यात-नाशिकमध्ये जपानी कंपन्यांमुळे येणारी माणसं असतात, पण त्यांच्या मागे लागायची गरज नाही. त्याला म्हणावं रोज दहा मिनिटं स्वतःशी मोठ्यानं बोल. बसची वाट बघताना जे दिसतं ते जपानीत सांग. 'बस अजून आली नाही, पाऊस पडून गेलाय, रस्ता ओला आहे.' आणि मनात मराठीतून आण, इंग्रजीतून नको. हे मी सोनचाफाकडून घेतलं आहे, माझ्या विद्यार्थ्यांना कालच सांगितलं. त्याच्यासारख्या दोघा-तिघांचा गट जमला तर मला व्यक्तिगत संदेश पाठवा, मी आठवड्यातून एक तास देईन. पैसे नकोत.

तांबडीमाती

शेवटचं एक विचारते. सामानात काय द्यावं आणि काय देऊ नये?

सोनचाफा

@तांबडीमाती, गोडा मसाला, लसणीची चटणी आणि एक छोटा कुकर द्या. सर्दीच्या गोळ्या देताना आधी घटक वाचा. १० टक्क्यांहून जास्त स्युडोएफेड्रिन असलेली औषधं तिकडे नेता येत नाहीत आणि आपल्याकडच्या काही गोळ्यांत ते असतं. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असू द्या. पोचल्यावर पालिकेतच राष्ट्रीय आरोग्य विमा काढतात, मग दवाखान्याच्या खर्चाचा ३० टक्के भाग आपण द्यायचा. वय २० पूर्ण असेल तर तिथेच निवृत्तिवेतनाच्या हप्त्यातून सवलतीचा अर्जही भरून टाकायला सांगा, मी तो उशिरा भरला आणि धावपळ झाली.

मिक्सर देऊ नका. तिकडे वीज १०० व्होल्टची, आपला मिक्सर चालत नाही. मी दगडी खलबत्ता नेला होता, तीन किलोचा. येताना तो आजींकडे ठेवून आले, त्यात त्या आता तीळ कुटतात.